भास्करराव नोंद बदलत आहेत

भास्कररावांनी काशीवहिनींना शब्द दिला तो त्यांच्या अंगणातल्या सारवलेल्या खळ्यात बसून, कोकम सरबताचा पेला हातात असताना, आणि मुख्य म्हणजे कुणी मागितलेला नसताना. "वहिनी, यंदा शनिवारी दिवेलागणीला पालखी तुमच्या दारात उभी असेल. हा भास्करचा शब्द." ही त्यांची जुनी खोड. सरबत चांगलं झालेलं असलं की ते शब्द देऊन बसतात, आणि तो पाळता पाळता घरादाराच्या नाकी नऊ येतात.

काशीवहिनींनी नुसता पदर डोळ्यांना लावला. त्यांचे यजमान शिवा हे भास्कररावांच्या शाळेतल्या बाकावरचे सोबती, आणि जन्मभर गावच्या पालखीचा पुढचा डावा खांदा. गेल्या शिमग्याच्या थोडं आधी ते गेले. घरात वर्ष भरलेलं नव्हतं, म्हणून तेव्हा पालखी पाणंदीतून तशीच पुढे गेली आणि वहिनी खिडकीचा गज धरून ढोल ऐकत उभ्या राहिल्या. यंदा मात्र पालखी दारात यायची होती. मुंबईला कुरिअरच्या कचेरीत असलेल्या त्यांच्या मुलाला, विनीतला, शनिवारची रजा मिळाली होती. तो बायकोला, सानवीला, आणि तान्ह्या मुलीला घेऊन येणार होता. आजोबांनी न पाहिलेल्या त्या नातीला देवाच्या पायावर घालायचं आणि विनीतने बापाच्या जागी खांदा द्यायचा, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

आता हे काय अवघड आहे, असं तुम्हांला वाटेल. तसं भास्कररावांनाही वाटलं होतं.

जयगडच्या रस्त्यावरचं हे गाव. शिमग्यात पालखी घरोघर जाते, पण कुठल्या घरी कधी, ह्यावर गावात जेवढी डोकी तेवढी मतं. पूर्वी सोपं होतं. देवळाच्या भिंतीला एक फळा होता, त्याला एक खडू होता, आणि खडू भास्कररावांच्या सदऱ्याच्या खिशात असे. रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी उभी हयात आवक-जावक सांभाळली होती, तेव्हा अक्षर वळणदार आणि स्वभाव खडूस. ज्याला वेळ बदलून हवी त्याने भास्कररावांकडे यावं, चहा घ्यावा, कारण सांगावं. मग ते फळ्यापाशी जाऊन जुनं पुसत आणि नवीन लिहीत. त्या वेळी दुसरं कुणी फळ्याला हात लावत नसे, कारण दुसऱ्याकडे खडूच नसे.

पण निम्मं गाव मुंबईला. त्यांना फळा कसा दिसणार? गावच्या मुंबई मंडळाचा चिटणीस सदू दर शिमग्याला दिवसातून इतक्या वेळा फोन करी, की भास्कररावांच्या पत्नी लीलाबाई फोन उचलून "हां सदूभावजी, थांबा, ह्यांना देते" एवढंच म्हणायला शिकल्या होत्या. शेवटी पुण्याला कम्प्युटरचं काम करणाऱ्या मनस्विनीने, म्हणजे भास्कररावांच्या मुलीने, बापाची दया येऊन पालखीचं वेळापत्रक वेबसाइटवर टाकलं. प्रत्येक घराची एक नोंद. घर, वार, वेळ आणि शेरा. बदलायचा अधिकार तिघांना: गावाकडून भास्करराव, मुंबईहून सदू, आणि लीलाबाई. लीलाबाईंना का, तर कुठल्या घरी पालखीबरोबरच्या माणसांना चहा आणि कुठे सरबत हे शेऱ्यात कुणीतरी लिहायला हवं, आणि भास्कररावांनी ते लिहिलं असतं तर सगळीकडे चहाच झाला असता.

आणि गावकर धोंडू, जो पालखीपुढे चालतो आणि दारोदार गाऱ्हाणं घालतो, त्याच्या फोनवर हे वेळापत्रक नुसतं दिसायचं. ढोल-ताशात फोनची घंटी ऐकू येत नाही, म्हणून त्याने आधीच सांगून टाकलं होतं, "माका फोन करू नुको. ह्या काचेवर जा लिवलेला असंल, तकडं पालखी जायल."

पहिले काही दिवस दृष्ट लागावी असे गेले. मग नोंदी फिरायला लागल्या.

सदूने मुंबईहून कुणाची वेळ दुपारची केली, की संध्याकाळपर्यंत ती पुन्हा सकाळची. लीलाबाईंनी लिहिलेलं "सरबत, साखर कमी" हे दुपारी जेवणानंतर नाहीसं होई. सदूला वाटलं, भास्करराव मुद्दाम करतात. भास्कररावांना वाटलं, सदूला मुंबईचा वारा लागला. दोघे फोनवर असे बोलले की शेजारच्या मथुराकाकू मसाला वाटायचा थांबवून कुंपणापाशी आल्या. "मेल्यांनो, देवाच्या कामात भांडताव?" म्हणाल्या, आणि नीट ऐकू यावं म्हणून आणखी पुढे सरकल्या.

सल्ले तर काय, आंब्याच्या मोहोरासारखे. मथुराकाकूंनी कम्प्युटरला लिंबू बांधायला सांगितलं. लीलाबाईंनी ते सरबताला वापरलं. धोंडूने देवाला कौल लावायचा आग्रह धरला. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाकळ्या लावल्या, सगळे हात जोडून बसले, आणि बऱ्याच वेळाने डावी पाकळी पडली. सगळ्यांना हायसं वाटलं. मग कुणीतरी विचारलं, की वेबसाइट ठेवावी हे उजवीकडे होतं की डावीकडे? ह्यावर गुरव आणि धोंडू यांचं जे जुंपलं, ते ऐकून देवालाही वेबसाइटच परवडली असती.

खरा प्रकार मनस्विनीने पुण्याहून फोनवरच ओळखला.

"बाबा, तुम्ही ते पान कधी उघडता?"

"सकाळी पूजा झाली की."

"आणि बंद कधी करता?"

"बंद?" भास्करराव दुखावले. "कचेरीत आवकबुक उघडलं की संध्याकाळपर्यंत उघडंच असायचं. जेवायच्या आधी एक सही, वामकुक्षीनंतर एक सही, निघताना एक सही. तसं मी इथे 'जतन करा' दाबतो. सगळ्या नोंदींवर. शिस्त म्हणून."

पलीकडे मनस्विनीने कपाळावर हात मारलेला ऐकू आला. "बाबा, म्हणजे तुम्ही सकाळी फळा बघून घरी येता. मधल्या वेळात सदूकाका येऊन दोन ओळी बदलून जातात. दुपारी तुम्ही जाता, अख्खा फळा पुसता आणि सकाळी पाहिलेलं होतं तसं पुन्हा लिहून काढता."

"मग सदूने मला विचारायला नको?"

ह्या प्रश्नाला कम्प्युटरच्या शास्त्रात उत्तर नसावं. मनस्विनीने मग तात्पुरता उपाय म्हणून कुलूप घातलं. एकाने नोंद बदलायला उघडली, की दुसऱ्याला ती उघडायचीच नाही. त्याला फक्त पाटी दिसायची.

ही पाटी म्हणजे भास्कररावांच्या निवृत्त आयुष्यातला सोन्याचा दिवस. त्यांनी लीलाबाईंच्या फोनवर ती मुद्दाम बघून घेतली: 'ही नोंद सध्या भास्करराव बदलत आहेत. कृपया थांबा.' कचेरीत इतकी वर्षं काढली, पण भास्करराव काही करत आहेत म्हणून कुणी कधी थांबलं नव्हतं. आता अख्खी मुंबई थांबत होती. ते एखादी नोंद उघडत, एखादी वेलांटी दुरुस्त करत, आणि उगाच जरा वेळ तसेच बसून राहत. मोह कुणाला सुटलाय?

आणि काशीवहिनींच्या नोंदीबद्दल तर त्यांनी धोकाच पत्करायचा नाही असं ठरवलं. गुरुवारी त्यांना गुहागरला चुलतबहिणीच्या नातवाच्या बारशाला जायचं होतं. निघण्याआधी त्यांनी वहिनींची नोंद उघडली, 'शनिवार, दिवेलागण' हे डोळे भरून पाहिलं, आणि पान तसंच उघडं ठेवून, खोलीला कडी लावून, फेरीबोट गाठायला गेले. आता सदूच काय, कुणीही त्या नोंदीला हात लावू शकणार नव्हतं. शब्द म्हणजे शब्द.

त्याच सकाळी विनीतची रजा फिरली. शनिवारी त्याला कामावर हजर राहायला सांगितलं होतं. आता तो शुक्रवारी पहाटे येणार आणि त्याच रात्रीच्या गाडीने परतणार. काशीवहिनी धापा टाकत लीलाबाईंकडे आल्या. "लीलावैनी, वायच बगा वो, शुक्करवारचा काय व्हतंय काय. मी एकटी काय देवाला तोंड दाखवू?"

लीलाबाईंनी फोन उघडला. 'ही नोंद सध्या भास्करराव बदलत आहेत. कृपया थांबा.' त्यांनी सदूला सांगितलं. सदूलाही भास्करराव नोंद बदलताना दिसले. भास्करराव तेव्हा खाडीच्या मधोमध बोटीच्या कठड्याला धरून उभे होते आणि त्यांच्या फोनला रेंज नव्हती. ते बारशाला जेवले, पान खाल्लं, बाळाचं नाव जुन्या वळणाचं नाही म्हणून थोडे नाराज झाले. आणि इकडे दुपारपर्यंत ते काशीवहिनींची नोंद बदलतच होते. सदू म्हणाला, "वहिनी, एक ओळ बदलायला एवढा वेळ? कचेरीत काय करत असतील!"

दुपारी मनस्विनीने पुण्याहून ते कुलूप तोडलं, आणि यापुढे पान पडून राहिलं तर कुलूप आपोआप सुटेल अशी सोय केली. सदूने लगोलग काशीवहिनींना शुक्रवारी दुपारी, तळ्याच्या वाडीनंतर बसवलं. वहिनींना निरोप गेला. त्यांनी खळं सारवायला घेतलं.

भास्करराव तिन्हीसांजेला घरी आले. पायावर पाणी घेतलं आणि चहाच्याही आधी खोलीची कडी काढली. पान जसंच्या तसं होतं. शनिवार, दिवेलागण. ते समाधानाने हसले आणि निघताना राहिलेली सही म्हणून त्यांनी 'जतन करा' दाबलं.

मग चहा पिताना लीलाबाईंनी सगळी हकिकत सांगितली. भास्कररावांनी बशी खाली ठेवली. सदूने आपल्या नोंदीला हात लावला! तोही काशीच्या! वहिनींचं काम झालं हे चांगलंच, पण विचारण्याची काही रीत? ते रुसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी वेबसाइट उघडलीच नाही. नाहीतर आपण चहाआधी काय करून ठेवलंय, ते त्यांना तेव्हाच दिसलं असतं.

शुक्रवारी भास्कररावांच्या घरी लगीनघाई होती. त्या दिवशीची दिवेलागणीची पालखी त्यांच्या आजोबांपासून त्यांच्याच दारात यायची. हा मान कुठे लिहिलेला नव्हता, पण फळ्यावर तो कधी पुसलाही गेला नव्हता. राजापूरहून लीलाबाईंचे भाऊ-भावजय येणार होते, पुरण शिजलेलं होतं. मनस्विनी सकाळीच आली होती आणि सदूच्या तक्रारी ऐकून ऐकून कंटाळल्यामुळे आल्या आल्या कामाला लागली होती.

"कुलूप काढून टाकलंय, बाबा," ती म्हणाली. "आता प्रत्येक नोंदीला एक आकडा. कुणी काही बदललं की आकडा पुढे सरकतो. तुम्ही उघडताना जो आकडा होता तोच अजून असेल, तरच जतन होईल. नसेल, तर मधे कोण काय लिहून गेलं ते आधी दाखवील, आणि मग ठरवा म्हणेल."

"म्हणजे पाटी गेली?"

"गेली."

भास्कररावांनी नाइलाजाने मान हलवली.

दुपार कलायला लागली तसा विनीत आला. धावत आला होता. "काका, पालखी तळ्याच्या वाडीतून सरळ वरच्या वाडीला गेली. आमच्या पाणंदीत वळलीच नाही. आई दारात ताट घेऊन उभी आहे."

"असं कसं? सदूने तर..." भास्करराव खोलीत गेले, नोंद उघडली. शनिवार, दिवेलागण. त्यांचा आवाज चढला. "बघ! सदूने बदललंच नाही! मी म्हणत नव्हतो?"

मनस्विनीने मागून हात पुढे केला आणि नोंद कुणी कधी बदलली ते उघडलं. काल दुपारी, सदू: शनिवारचं शुक्रवार. काल संध्याकाळी, भास्करराव: शुक्रवारचं शनिवार.

विनीत म्हणाला, "असू दे काका. मी आईजवळ थांबतो," आणि आला तसा पाणंदीने परत गेला. चालताना त्याचा डावा खांदा थेट शिवासारखा किंचित वर होता. भास्करराव त्या खांद्याकडे बघत राहिले. आपण काय केलं? ज्या माणसाच्या पाटीवर पाटी ठेवून आपण गणितं उतरवली, त्याच्या बायकोला आपण ताट घेऊन दारात उभं केलं.

ते पडद्यासमोर एकटेच बसले. वरच्या वाडीतल्या घरांना दुपारपासून वेळा दिलेल्या, तिथलं कुणी हलणार नव्हतं. शुक्रवारची हलवण्यासारखी वेळ एकच होती, दिवेलागणीची. आजोबांची, वडिलांची, आपली. आणि बाहेर राजापूरची मंडळी ओसरीवर पाय सोडून बसली होती, आत लीला पुरण वाटत होती. ह्या बाईला काय सांगायचं? की तुझ्या माहेरच्यांसमोर पालखी आपल्या दारावरून पुढे जाईल? भास्कररावांना कचेरीतले साहेब आठवले, मग सासरे आठवले, आणि दोघांपेक्षा लीलाबाईंची भीती जास्त वाटली. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. मग काशीवहिनींच्या नोंदीत शनिवार खोडून शुक्रवार लिहिलं, स्वतःच्या घराला शनिवार केलं, डोळे मिटले आणि 'जतन करा' दाबलं.

जतन झालं नाही.

पडद्यावर पाटी आली: 'तुम्ही उघडल्यानंतर ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलली आहे. आधी पाहून घ्या.'

"सदू!" भास्करराव दातओठ खात म्हणाले, आणि खाली पाहिलं.

डावीकडे, तुम्ही लिहिलेलं: काशी, शुक्रवार, दिवेलागण. उजवीकडे, आधीच लिहिलेलं: काशी, शुक्रवार, दिवेलागण. बदल करणार: लीला. आणि त्याखाली शेरा, लीलाबाईंच्या नेहमीच्या थोडक्यात लिहिण्याच्या पद्धतीने: 'सरबत, साखर कमी. ह्यांनाही हेच सुचेल. तोवर मधे बोलू नये.'

भास्करराव तसेच बसून राहिले. मग उठले, दार उघडलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. लीलाबाईंच्या एका हाताला पुरण होतं आणि दुसरा हात पदराला पुसून त्या फोन फडताळात ठेवत होत्या.

"अगो," ते म्हणाले.

"पोळ्या डब्यात भरत्येय," लीलाबाई वळून न बघता म्हणाल्या. "काशीकडे काही केलेलं नसेल, ती सकाळपासून दारातच आहे. तुम्ही दादाला म्हणावं उठा, पालखी बघायला तिकडे जायचंय. आणि डोळे पुसा."

दिवेलागणीला पालखी काशीवहिनींच्या खळ्यात आली. धोंडूने पुढचा डावा दांडा विनीतच्या खांद्यावर दिला, आणि ढोलावर टिपरी पडली तसा विनीत बापासारखा नाचला. थोडा अडखळला, पण नाचला. नातीला देवाच्या पायाशी ठेवलं तेव्हा ती रडली नाही, तिने चांदीच्या मुखवट्याकडे टक लावून बघितलं आणि जांभई दिली. मग धोंडूने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा! ह्या घरातला तुजा खांदेकरी तुज्याकडं आलाय, त्याला जवळ ठेव. त्याच्या पोराला, सुनेला, नातीला सुखी ठेव. काशीला बळ दे, महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळं खळं म्हणालं.

"आनि त्या कम्प्युटरात कुनाच्या हातून काय कमी-जास्त झाला असंल, ता पोटात घाल, महाराजा!"

"व्हय महाराजा!" ह्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज भास्कररावांचा होता.

पालखी वरच्या वाडीकडे परत वळली. काशीवहिनी सरबताचा पेला घेऊन भास्कररावांपाशी आल्या. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजले होते, पण चेहरा लख्ख होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "शनवारचा सबूद दिलावता. एक दीस आदीच पाळलाव. ह्ये असते तर म्हनाले असते, माजा भास्कर तसाच हाय."

भास्कररावांनी तोंड उघडलं. घडला प्रकार तसा नव्हता. शब्द मोडला होता, आणि मोडल्यावर तो बायकोने सावरला होता. नोंद चुकीची होती. त्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं. त्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांनी फक्त हळूच 'नको' अशी मान हलवली.

भास्कररावांनी सरबत घेतलं. साखर खरोखरच कमी होती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक चुकीची नोंद दुरुस्त न करता तशीच राहू दिली.